हिवाळाभर उभ्या राहणाऱ्या मोटरहोमला कव्हर घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा. ९ वर्षं जुनं, साडेसात मीटर लांबीचं मोटरहोम याच वर्षी विकत घेतलंय. टपावर रबराचं आवरण आहे आणि दोन सोलर पॅनल आहेत. थंडीचे पाच महिने गाडी उघड्यावर उभी राहणार. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला वाऱ्याला मोकळं रान. बर्फ पडतो. मालकांना महिन्यातून एकदा तिथे जाता येतं. एकजण सांगतो पूर्ण कव्हर घ्याच, दुसरा सांगतो चुकूनही घालू नका, आणि तिसऱ्यानं त्याच्याकडची मोठी ताडपत्री फुकट देऊ केलीय. काय करावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. ताडपत्री अजिबात नको. मापाचं, वाफ बाहेर जाऊ देणारं कव्हर ही चांगली वस्तू आहे, पण तुमच्या गाडीला या पहिल्या हिवाळ्यात तेही घालू नका. तो पैसा आणि दोन दिवस टपावर खर्च करा. पुढच्या थंडीच्या आधी पुन्हा विचार करू, आणि तेव्हा माझं उत्तर कदाचित ‘घाला’ असं असेल.

गेली १८ वर्षं मी मोटरहोम आणि कॅरॅव्हॅनच्या दुरुस्तीचं काम करतो. इंजिनाकडे मी बघत नाही. माझं काम वरच्या घराचं, म्हणजे भिंती, टप, खिडक्या आणि फरशी. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या चालून जेवढ्या झिजतात त्याहून जास्त उभ्या राहून खराब झालेल्या असतात. आणि उभ्या गाडीला थंडीपेक्षा पाणी जास्त खातं.

टपावर चढून बघा. खालून तो सलग वाटतो, पण त्याला डझनभर भोकं पाडलेली असतात. हवेचे झरोके, एसी, अँटेना, सोलर पॅनलचे पाय, गॅसवर चालणाऱ्या फ्रीजची चिमणी, सांडपाण्याच्या टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी. प्रत्येक भोकावर एक चौकट, चौकटीखाली ब्यूटाइलची चिकट पट्टी, आणि कडेनं व स्क्रूंच्या डोक्यांवर सीलंट. नवं असताना हे सीलंट नखानं दाबलं जाईल इतकं मऊ असतं. काही वर्षं ऊन, पाऊस, थंडी खाल्ली की ते कडक होतं, कडेनं सुटतं आणि केसाएवढी फट पडते. त्या फटीत पाणी शिरतं आणि रात्री गोठतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. दिवसा ते वितळतं, तोवर फट किंचित रुंदावलेली असते, त्यात आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त पाणी मावतं, आणि रात्री पुन्हा तेच. पाच महिन्यांत हे किती वेळा होत असेल याचा अंदाज करा.

आत गेलेलं पाणी लगेच दिसत नाही हीच खरी अडचण. बहुतेक गाड्यांची भिंत थरांची असते. बाहेर फायबरग्लासचा पातळ थर, मागे पातळ प्लाय, मध्ये थर्मोकोल, आतून पुन्हा प्लाय, आणि हे सगळं गोंदानं चिकटवलेलं. पाणी प्लायमध्ये मुरतं, गोंद सुटतो आणि बाहेरचा थर भिंतीपासून अलग होऊन फुगतो. हाताच्या पंजाएवढा फुगवटा बाहेरून दिसू लागला की आत त्याच्या कितीतरी पट जागा ओली झालेली असते.

एक गाडी मला कायमची लक्षात राहिली आहे. मालक अतिशय निगुतीनं वापरणारे. दोन हिवाळे त्यांनी गाडीला उत्तम प्रतीचं, मापाचं कव्हर घातलं होतं. माझ्याकडे आले ते दुसऱ्याच कामासाठी, दाराचं कुलूप अडकत होतं म्हणून. आत शिरल्यावर मला कुबट वास आला. मागच्या पलंगाच्या वरचा कोपरा वरकरणी ठीक होता, भिंतीचा कागद नुसता किंचित सैल वाटत होता. मी तिथे अंगठ्यानं दाबलं आणि अंगठा आत गेला. कागद सोलला तर मागचा प्लाय भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा थराथरानं सुटून हातात आला. बाहेरच्या बाजूला त्याच कोपऱ्यावर एक छोटा दिवा होता. त्याचा स्क्रू पेचकसानं फिरवावा लागला नाही, दोन बोटांनी ओढला तसा निघाला, कारण त्याला धरून ठेवायला आत लाकूडच उरलं नव्हतं. पाणी आलं होतं टपाच्या कडेच्या पट्टीतून. तिथलं सीलंट जेमतेम बोटभर लांबीचं सुटलं होतं. वेळेवर दिसलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. झाला तो सगळा कोपरा उघडून नवा बांधायचा उद्योग.

कव्हरनं तिथे पाणी घातलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण कव्हरमुळे दोन गोष्टी झाल्या. ते काढायला-घालायला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागायचा, म्हणून दोन्ही हिवाळ्यांत कुणी टपावर चढलं नाही की आत जाऊन कोपरे दाबून बघितले नाहीत. आणि वाफ जाऊ देणारं कव्हर हे पूर्ण जलरोधक नसतं. मुसळधार पावसात किंवा साचलेला बर्फ वितळताना थोडं पाणी त्यातून झिरपतंच. उघडा टप एका उन्हात आणि वाऱ्यात सुकतो. कव्हरखालचा टप कितीतरी जास्त वेळ दमट राहतो. टप धड असेल तर त्या दमटपणानं काही बिघडत नाही. टपाला फट असेल तर तिच्यातून पाणी मुरायला निवांत वेळ मिळतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण गाडीच्या बाबतीत झाकलेल्या मुठीचं बिल थंडी संपल्यावर येतं.

तुमची गाडी ९ वर्षांची आहे आणि तुम्ही ती याच वर्षी घेतलीत. तिच्या टपाचा इतिहास तुम्हाला माहीत नाही. सीलंट कधी बदललं, कुठे डागडुजी झाली, कुठे कुणी घाईनं सिलिकॉन फासून ठेवलंय, काहीच कळायला मार्ग नाही. म्हणून माझं म्हणणं, एक हिवाळा ती उघडी राहू द्या, नीट दुरुस्त करून, आणि तिच्यावर लक्ष ठेवा.

आता कव्हरच्या बाजूनं जे बोलतात त्यांचं काय चुकतं? फारसं चुकत नाही. ते उन्हाबद्दल बोलतात आणि ऊन खरंच गाडी खातं. झरोक्यांची प्लास्टिकची झाकणं ठिसूळ होतात, बाजूच्या रंगीत पट्ट्यांना चिरा पडतात, फायबरग्लासची चकाकी जाऊन हात लावला तर पांढरी भुकटी लागते, टायरच्या भिंतींना बारीक भेगा पडतात. रबराचा टपसुद्धा वर्षानुवर्षं झिजत पांढरी पावडर सोडतो. पावसानंतर बाजूच्या भिंतींवर पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. पण हे बहुतेक नुकसान उन्हाळ्यात होतं. बर्फाच्या प्रदेशात थंडीतला सूर्य तिरपा असतो, दिवस लहान असतो, आभाळ बरेचदा भरलेलं असतं. ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, त्यामुळे उंचावरच्या स्वच्छ आभाळाच्या जागी हिशोब थोडा बदलतो, हे मान्य. तरीही फक्त थंडीपुरतं कव्हर घालून उन्हापासून फार मोठी बचत होते असं मला वाटत नाही. जिथे थंडीतही रोज लख्ख ऊन असतं आणि पाऊस-बर्फ नावालाच, तिथे मात्र कव्हरचा फायदा सरळ सरळ आहे.

तुमच्याकडे कव्हरचा खरा उपयोग झाडांच्या बाजूनं आहे. पानं, डिंक, पक्ष्यांची विष्ठा, काटक्या. ओली पानं टपाच्या पन्हळीत आणि झरोक्यांच्या भोवती साचून राहिली की तिथे पाणी अडतं आणि शेवाळ धरतं. हे कव्हरनं टळतं. पण महिन्यातून एकदा मऊ झाडूनंही टळतं, आणि तुम्ही महिन्यातून एकदा जाणारच आहात.

ताडपत्रीबद्दल मी एवढा ठाम का? ज्यांनी ताडपत्री घातली आहे त्यांनी थंडीतल्या एखाद्या स्वच्छ सकाळी तिचं टोक उचलून खालून बघावं. उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यासारखी ती आतून थेंबांनी लगडलेली असते. ताडपत्री प्लास्टिकची, तिच्यातून वाफ जात नाही. जमिनीतून दिवसभर ओल वर येते, ती खाली अडकते. निरभ्र रात्री ताडपत्री उघड्या आभाळाकडे उष्णता सोडत आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, आणि अडकलेली वाफ तिच्या आतल्या अंगाला धरते. ते पाणी टपावर ठिबकतं आणि तिथेच राहतं. म्हणजे पाऊस न पडताही गाडी भिजते, आणि तीही रोज.

शिवाय ती दोऱ्यांनी बांधावी लागते. कितीही आवळा, दोन दिवसांत दोरी सैल पडते आणि ताडपत्री फडफडू लागते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १२ किलो वजनाएवढा येतो, ताशी १०० किलोमीटरला तोच ४८-४९ किलोच्या आसपास जातो. तुमच्या गाडीची एक बाजू २० चौरस मीटरच्या पुढे असेल. मोकळ्या रानातून येणारा वारा त्या ताडपत्रीचं शीड करणार. आधी कडेचे पितळी डोळे फाटून निघतात, मग सुटलेलं टोक भिंतीवर आपटत राहतं. एका गाडीच्या बाजूला दारापासून मागच्या चाकापर्यंत चंद्रकोरीसारखे ओरखडे होते, एकाखाली एक, जणू कुणी मोजून काढलेत. ताडपत्रीला अडकवलेल्या लवचिक दोरीचा लोखंडी आकडा रात्रंदिवस तिथे झुलत होता. रंगाच्या खालचा थर उघडा पडेपर्यंत त्यानं घासलं होतं.

हे घासणं चांगल्या कव्हरलाही चुकत नाही, फक्त कमी होतं. म्हणून वाऱ्याचा प्रश्न मी जवळजवळ टपाएवढाच महत्त्वाचा धरतो. गाडी भिंतीच्या किंवा दाट कुंपणाच्या आडोशाला असेल तर कव्हर शांत राहतं. माळावर असेल तर महागातलं कव्हरही एकदोन हिवाळ्यांत कोपऱ्यांवर विरतं, आणि विरण्याआधी रंगावर आपली खूण ठेवून जातं. मध्ये धुळीचे कण असले तर कापड पॉलिश पेपरसारखं चालतं. धुतल्याशिवाय आणि पूर्ण सुकवल्याशिवाय कव्हर घालू नका असं सांगतात ते याचसाठी.

बर्फाच्या वजनाची भीती लोकांना फार असते आणि तिच्यापायी ते कव्हर घेतात. कव्हरनं वजन कमी होत नाही. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, दबलेला ओला बर्फ ३०० किलो किंवा त्याहून जास्त. तुमच्या टपाचं क्षेत्रफळ १७-१८ चौरस मीटर धरलं तर ३० सेंटिमीटर ओला बर्फ म्हणजे दीड टनाच्या वर ओझं. गुळगुळीत टपावरून किंवा कव्हरवरून थोडा बर्फ घसरतो, पण कव्हरच्या सुरकुत्यांत आणि खळग्यांत तो अडकूनही बसतो. जोरदार बर्फ पडल्यावर लांब दांड्याच्या, फेसाच्या किंवा रबराच्या कडेच्या खोऱ्यानं वरचा वर ढकलून द्यायचा. लोखंडी फावडं नको, आणि टपाला चिकटलेला शेवटचा पातळ थर खरवडायला जाऊ नका, तो आपसूक वितळेल.

आता या हिवाळ्याआधी काय करायचं ते सांगतो. कोरडा, बिनवाऱ्याचा दिवस निवडा. शिडी धरायला दुसरं माणूस असू द्या. टपावर माणूस चढलेला चालतो की नाही हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. चालत असेल तरी प्लायचा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेका, म्हणजे भार पसरतो. आधी टप सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा. रबराच्या टपावर पेट्रोल, केरोसीन किंवा तशा तेलाचं क्लीनर वापरू नका, रबर फुगतं. मग प्रत्येक जोडाच्या कडेनं बोट फिरवत जा. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला लागतं: सुटलेली कड, पोकळ वाटणारा फुगा, चीर. सुटलेलं तेवढं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीनं काढा, जागा पुसून सुकवा, आणि तुमच्या टपाच्या साहित्याला चालणारं, आपोआप पसरून सपाट होणारं सीलंट घाला. उभ्या कडांना न ओघळणारं घ्या. साधं घरगुती सिलिकॉन कृपा करून लावू नका. रबराच्या टपावर ते नीट धरत नाही, आणि एकदा लावलं की त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. माझा निम्मा वेळ आधीच्या कुणीतरी लावलेलं सिलिकॉन खरवडण्यात जातो.

खाली उतरल्यावर आत जा. लाकडातला ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं मीटर घ्या. सगळे वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, झरोक्यांभोवतीचं छत, कपाटांच्या आतल्या पाठी, दाराजवळची फरशी इथे आकडे घेऊन वहीत लिहून ठेवा. १५ टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. १५ ते २० मध्ये लक्ष ठेवा. २० च्या वर गेलं तर पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं, आणि ३० च्या वर असेल तर बहुधा लाकूड कुजायला लागलंय असं समजा. हे आकडे तुमच्या सगळ्या पुढच्या निर्णयांचा पाया आहेत.

पाण्याच्या नळ्या, हीटर आणि टाक्या रिकाम्या करणं हा वेगळा मोठा विषय आहे, त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात ठेवा की नळ्यांत घालायचं द्रव प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. इंजिनाच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते पिण्याच्या नळ्यांत कधीच घालू नये.

आतल्या दमटपणाचा मात्र कव्हरशी थेट संबंध आहे. शेवटची सहल संपवून लोक गाडी बंद करतात तेव्हा आतली हवा उबदार आणि ओलसर असते. २० अंशाला हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, शून्य अंशाला पाच ग्रॅमही मावत नाही. तुमच्या गाडीत ३५ घनमीटर हवा धरली आणि ती ६० टक्के दमट असली, तर गाडी शून्य अंशाला पोचेपर्यंत जवळजवळ ग्लासभर पाणी काचांवर, पत्र्यांवर, गादीच्या खालच्या अंगाला धरतं. गाद्या, पडदे, सतरंज्या यांतली ओल वेगळीच. म्हणून कोरड्या दिवशी सगळी दारं-खिडक्या उघडी टाकून गाडी वाळवा, गाद्या उभ्या करून भिंतीपासून लांब ठेवा, फ्रीजचं दार उघडं ठेवा, कपाटांची दारं किलकिली ठेवा. झरोक्यांवर पावसाची टोपी असेल तर झरोका बोटभर उघडा राहू द्या. गॅससाठी म्हणून फरशीजवळ ज्या कायमच्या जाळ्या असतात त्या बुजवू नका. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवायचे तर त्यात जमलेलं खारं पाणी दर फेरीला ओता. ते सांडलं तर धातूला गंज आणतं, म्हणून डबा परातीत ठेवा. कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर कडक थंडीत फारसं काम करत नाही, त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो.

बॅटरीचा मुद्दा लोक विसरतात. तुमच्या टपावर सोलर पॅनल आहेत. कव्हर घातलं की ते आंधळे होतात. गाडीतले गॅस डिटेक्टरसारखे छोटे यंत्र सतत थोडी वीज खात असतात. ६० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला जवळपास दीड अँपिअर-तास जातात, म्हणजे १०० अँपिअर-तासाची बॅटरी महिना-सव्वा महिन्यात अर्ध्यावर येते. पुरती उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे ७-८ अंशांच्या आसपास गोठू शकते, पूर्ण भरलेली त्याहून कितीतरी खालच्या तापमानापर्यंत टिकते. गाडी उघडी ठेवली तर तुमचे पॅनल हे काम फुकट करतील, फक्त त्यांच्यावरचा बर्फ झाडा. पुढे कधी कव्हर घातलं तर बॅटरी काढून घरात ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर शून्याच्या खाली ती चार्ज करायची नाही, अर्धी भरलेली काढून ठेवलेली बरी.

आणि एक कळकळीनं सांगतो. कव्हर घातलेल्या गाडीत हीटर, जनरेटर, गॅसवरचा फ्रीज किंवा शेगडी पेटवू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. धूर बाहेर जायची वाट बंद असते, कापड तापलेल्या चिमणीला टेकलेलं असतं. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीत गाडीत कुणी झोपायला येण्याची शक्यता असेल तर कव्हर नाहीच.

पूर्ण कव्हर न घालताही काही भाग झाकता येतात, आणि तुमच्यासाठी ते पुरेसं आहे. चाकांवर टोप्या घाला, टायर फळीवर उभे करा. पुढच्या काचेला बाहेरून बसणारी कापडी झापड लावा, म्हणजे डॅशबोर्ड वाचतो आणि काचेच्या आतून घाम कमी धरतो. फ्रीजच्या बाहेरच्या जाळ्यांना थंडीपुरत्या मिळतात त्या झडपा बसवा. खालून फिरून जिथे बोट जाईल अशी प्रत्येक फट तांब्याच्या किंवा स्टीलच्या जाळीच्या बोळ्यानं बंद करा. उंदराच्या पिल्लाला सहा-सात मिलिमीटर पुरतात. कव्हर जमिनीपर्यंत लोंबत असलं की उंदराला वाऱ्या-पावसापासून आडोसा आणि वर चढायला कापड, दोन्ही मिळतं. कुरतडलेल्या वायरींची जी कामं माझ्याकडे येतात त्यात झाकलेल्या गाड्या बऱ्याच असतात.

मी ‘घाला’ कधी म्हणेन? टपाचं काम झालेलं आहे, एका हिवाळ्यानंतरही कोपऱ्यांतले आकडे हललेले नाहीत, गाडी वाऱ्याच्या आडोशाला उभी करता येतेय, आणि कव्हर अर्धवट उघडून आत जायला कुणीतरी नियमित येणार आहे. हे चारही जमलं तर जरूर घाला. तेव्हा कापड अनेक थरांचं, न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनचं किंवा त्याहून टिकाऊ रंगीत अ‍ॅक्रिलिकचं घ्या. दाराच्या जागी चेन हवीच. तिच्याशिवायचं कव्हर घेऊ नका, नाहीतर पुन्हा तेच, कुणी आत जाणार नाही. माप मागच्या शिडीपासून, स्टेपनीपासून पुढच्या टोकापर्यंत घ्या; ढगळ कव्हर फडफडतं, तंग कव्हर कोपऱ्यात फाटतं. पन्हळीची टोकं, आरसे, अँटेना, शिडीचे कोपरे यांना आधी फेसाच्या नळ्या चिरून बसवा, पाइपांना गुंडाळतात त्या. पोटाखालून जाणारे पट्टे एकदा आवळून सोडू नका, दर फेरीला ओढून बघा, आणि बकल भिंतीला न टेकता गाडीच्या खाली येईल असं फिरवा. थंडी सरली की पहिल्या कोरड्या दिवशी कव्हर काढून, वाळवून, घडी करून आत ठेवा.

छप्पर असलेली, बाजूनं उघडी शेड मिळत असेल तर या सगळ्यापेक्षा ती सरस. पाणी आणि बर्फ वरचा वर अडतो, हवा खेळती राहते, कापड कुठे घासत नाही. कव्हर दर काही वर्षांनी नवं घ्यावं लागतं, तो खर्च शेडच्या भाड्यासमोर मांडून बघा.

दर महिन्याच्या फेरीत दार उघडल्याबरोबर दिवा लावण्याआधी एक क्षण थांबून वास घ्या. मग तेच कोपरे, त्याच जागी सुया टोचून मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. टपावरची पानं झाडा, पन्हळीचं तोंड मोकळं करा. मागच्या पलंगाच्या वरचे दोन्ही कोपरे अंगठ्यानं दाबून बघा. थंडी संपल्यावर वही घेऊन बसा. एखादा कोपरा १४ वरून २२ वर गेलेला दिसला, तर कव्हरच्या दुकानात जाण्याआधी त्या कोपऱ्याच्या वरची पट्टी उघडा.